अठरा बादल्या

"वडके, ही अजून दोन घ्या," असं म्हणत अप्पा कोरे दुकानाची पायरी चढले आणि त्यांनी पोत्यातून दोन फुटकी घंगाळं काढून माझ्यासमोर ठेवली.

"अप्पा, पुरे आता. तांबं झालं."

"पुरे कसं? अजून शनिवार पेठेत जायचंय. तिथं एका बाईनं सासूचा हंडा देते म्हणून सांगितलंय. सासूला अजून विचारलेलं नाही तिनं."

आत बसलेली शालन, माझी बायको, हसली. "अप्पा, सासूचं नाव सांगा. मी विचारून येते."

"नको बाळ. तू गेलीस तर सासूच घालून देतील पोत्यात."

दसऱ्यानंतरची ती दुपार होती. त्याला आता तेहतीस वर्षं झाली.

अप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आमच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून गाड्यांची नावं पुकारायचे. सगळं शहर त्यांना तोंडानं कमी आणि आवाजानं जास्त ओळखायचं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. दिवाळीत बाकीचे नियंत्रक रजा घ्यायचे आणि अप्पा ड्युटी घ्यायचे. अशा पंचवीस-तीस दिवाळ्या त्यांनी स्टँडवर काढल्या. नरक चतुर्दशीच्या पहाटे गावात घरोघरी तेल-उटणं चालायचं आणि स्टँडवर मुक्कामी गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर बाकड्यावर पारोसे बसलेले असायचे. समोर सरकारी दवाखाना. तिथल्या पेशंटांचे नातेवाईकही तसेच, व्हरांड्यात चादर पांघरून.

रिटायर झाल्यावर पहिल्याच दिवाळीला अप्पांनी घरचा बंब हातगाडीवर घातला आणि स्टँडवर तीन नंबर फलाटाच्या मागं आणून पेटवला. बरोबर तेलाची बाटली, उटणं आणि पायाखाली फोडायला टोपलीभर कारिटं. मग फलाटावर उभे राहून त्यांनी पुकारलं, "जत, विटा, तासगावकडून आलेल्या मंडळींनी पहिल्या अंघोळीसाठी फलाट क्रमांक तीनच्या मागे यावे. पाणी वेळेवर सुटेल."

त्या वर्षी अकरा माणसांनी अंघोळ केली. पुढच्या वर्षी चाळीस. त्या चाळिसांत शालन होती. तिची आई दवाखान्यात होती आणि ती आठ दिवस तिथंच राहिली होती. अप्पांनी तिला गरम पाणी दिलं, डबा दिला, आणि आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या दारात माझ्या आधी अप्पा उभे होते. तेव्हापासून शालन त्यांना बापाच्या ठिकाणी मानायची. दिवाळीच्या पहाटे त्यांच्याबरोबर बंबापाशी उभी राहायची आणि ज्यांचं तिथं कुणी नाही त्या ड्रायव्हर-कंडक्टरना ओवाळायची.

चौथ्या वर्षी माणसं दीडशेवर गेली. घरचा बंब पुरेना. म्हणून अप्पांनी ठरवलं की मोठा बंब करायचा, आणि तो गावाच्या तांब्याचा करायचा. गळके हंडे, चेपलेली घंगाळं, बूड गेलेल्या कळशा गोळा करत ते महिनाभर दारोदार फिरले. घडणावळ मी घेणार नव्हतो. शालननं मला तसं सांगितलं होतं आणि मलाही ते पटलं होतं.

मी तांबट. आमच्या आळीत तेव्हा नऊ दुकानं होती. दिवाळी म्हणजे आमचा हंगाम, मागोमाग लग्नसराई. रुखवताची भांडी, घागरी, परातींची कामं अंगावर होती. अप्पांचा बंब मी आज करतो, उद्या करतो म्हणत मागं टाकत गेलो. पैशाचं काम आधी आणि सेवेचं नंतर, असं मी ठरवलं नव्हतं, पण होत तसंच गेलं.

धनत्रयोदशीच्या दुपारी बंबाचं अंग तयार होतं, तोटी बसली होती, नरसाळं बसलं होतं. राहिला होता तो एकच सांधा. बंबाच्या मधून जाळाचा नळ जातो, तो खाली बुडाला जोडायचा. हा सांधा सगळ्यात महत्त्वाचा, कारण निखारे तिथंच साठतात. तिथं पितळ वितळवून पक्का जोड, म्हणजे झाळ, द्यावी लागते. एवढ्या मोठ्या बंबाला ती द्यायची तर भट्टी लाल हवी, भात्यावर एक माणूस आणि सांडशीवर दोन. माझा चुलतभाऊ तापानं पडला होता. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती.

मी कथलाची झाळ दिली. कथील लवकर वितळतं, काम अर्ध्या तासात होतं. आत पाणी असेल तोवर सांधा फार तापत नाही, टिकेल, असा मी हिशेब केला. दिवाळी झाली की बंब परत आणायचा आणि पक्की झाळ द्यायची. सांधा दिसू नये म्हणून वरून तांब्याचा रंग फासला. बंब उभा केला तेव्हा अप्पांनी त्याच्यावरून हात फिरवला.

"हा बघ," ते शालनला म्हणाले, "हा इथला डाग आहे ना, हा घेवाऱ्यांच्या घंगाळाचा. आणि ही नक्षी त्या सासूच्या हंड्याची."

"दिला का सासूनं?"

"सुनेनं दिला. सासू आता मला शिव्या देते. दिवाळीला अंघोळीला बोलावलंय मी तिला."

मला म्हणाले, "जनार्दन, गाव न्हाऊन निघेल हो याच्यात."

मी गिऱ्हाइकाकडं वळलो.

चतुर्दशीला पहाटे साडेतीनला शालन उठली. माझ्यासाठी तेल कोमट करून वाटीत काढून ठेवलं. "तुम्ही न्हाऊन या सावकाश," म्हणाली, "मी तिथंच न्हाईन." ती आणि अप्पा हातगाडीबरोबर गेले.

मी पाचच्या सुमारास पोचलो. फलाटामागं शे-सव्वाशे माणूस जमलं होतं. दवाखान्याकडून बायका हातात कपडे घेऊन येत होत्या. बंब तीन दगडांवर उभा होता, नळातून बाभळीचा जाळ वर येत होता आणि तांबं असं चमकत होतं की मला स्वतःलाच बरं वाटलं. अप्पांनी अजून पहिला तांब्या काढला नव्हता. पाण्याला पुरती वाफ आल्याशिवाय ते तोटी सोडायचे नाहीत.

"काय अप्पा," एक कंडक्टर ओरडला, "विट्याची पहिली गाडी सुटायच्या आधी सुटणार का तुमचं पाणी?"

"तुझी गाडी कधी वेळेवर सुटलीय रे?" अप्पा म्हणाले. सगळे हसले.

अप्पा जाळ सारखा करायला खाली वाकले तेवढ्यात आतून ठक्क असा आवाज झाला. तो आवाज मी ओळखला. सांधा सुटला होता. उकळतं पाणी निखाऱ्यांवरून भसकन खाली आलं, राखेसकट. वाफेचा लोट उठला. माणसं मागं पळाली. अप्पांचा डावा पाय त्या पाण्यात होता.

त्यांना बाकड्यावर बसवलं. कुणी पायावर गार पाणी ओतलं, कुणी दवाखान्याकडं धावलं. बंब एका अंगाला कलला होता आणि गावानं दिलेल्या तांब्यातून पाणी वाहून गटाराकडं चाललं होतं.

बाजारपेठ मंडळाचे मारुतराव घेवारे तिथंच होते. कापडाचे मोठे व्यापारी, शब्दाला वजन. ते माझ्याकडं वळले. "वडके, हे काय? नवा कोरा बंब!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यात रुखवताची भांडी सांगून गेलेले दोघं होते. आळीतले दुसरे दोन तांबट होते. आणि मी अप्पांकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अप्पा, पाणी घालायच्या आधीच पेटवला होता का?"

बंब कोरडा पेटवला आणि मग आठवण होऊन वरून गार पाणी ओतलं, तर कुठलीही झाळ सुटते. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्या काळी घरोघरी बंब होते.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. गाडीला उशीर का झाला हे सांगायला ड्रायव्हर खोलीत आला की ते जसं बघायचे, तसं.

"असंल," ते म्हणाले. "वय झालं. आधी जाळ केला असंल मी."

शालन हातात रिकामी बादली घेऊन उभी होती. तिनं तोंड उघडलं. अप्पा तिला म्हणाले, "शालन, तू घरी जा बाळ. लुगडं भिजलंय सगळं. जा."

ती गेली. दवाखान्यातून आलेल्या बायका हातातले कपडे तसेच घेऊन परत फिरल्या.

मी घरी आलो तेव्हा शालन चुलीपुढं बसली होती.

"पाणी मी घातलं होतं," ती म्हणाली. "टाकीवरून अठरा बादल्या आणल्या. नरसाळ्यातून बाहेर यायला लागलं तेव्हा अप्पांनी काडी ओढली."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"झाळ कथलाची होती."

"मग तिथं का विचारलंत असं?"

"आता लगेच सांगितलं तर हंगाम गेला, शालन. आळीत तोंड दाखवता येणार नाही. दिवाळी झाली की सांगतो."

"कुणाला?"

"सगळ्यांना. मारुतरावांना."

ती उठली. चुलीवर पाणी तापलेलं होतं. ते तसंच ठेवून ती न्हाणीत गेली आणि पिंपातल्या गार पाण्याचे तांबे अंगावर घेतलेले मी बाहेरून ऐकले. घाईत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

भाऊबीजेला मी अप्पांकडं गेलो. पायाला गुडघ्यापर्यंत बँडेज होतं. शालननं आणून दिलेला चिवडा ते खात होते.

"अप्पा, झाळ," मी सुरुवात केली.

"कथलाची होती. दिसली मला. पाय भाजला, डोळे नाही." त्यांनी ताटली माझ्याकडं सरकवली. "खा. बस असा. हे बघ जनार्दन, मी गाड्या सोडल्या आयुष्यभर. गाडी बंद पडली की लोक खोलीच्या काचेवर थापा मारून कंट्रोलरला शिव्या देतात. ड्रायव्हरला काही म्हणत नाहीत, कारण पुढं त्याच्याच गाडीत बसायचं असतं. मला सवय आहे. तुला अजून दुकान चालवायचंय."

"मी सांगणार आहे सगळ्यांना."

"ते तुझं तू बघ. पुढच्या वर्षी झाळ पक्की कर म्हणजे झालं. त्या बायका तशाच परत गेल्या ना रे."

मी पक्की झाळ केली. पितळेची. ते काम करायला मला पुरा एक दिवस लागला.

पुढच्या दसऱ्याला मंडळाची बैठक झाली. अप्पा कोपऱ्यात काठी घेऊन बसले होते. मारुतराव म्हणाले, "अप्पांनी सुरू केलेलं काम गावाचं आहे, ते मोठं करायचं. मंडप घालू, पाच ठिकाणी बंब ठेवू. फक्त आगीचा मामला आहे, आणि अप्पांचं आता..." त्यांनी हातानं डोक्याकडं खूण केली नाही, पण हात तिकडं जायला निघाला होता. "अप्पांनी खुर्चीत बसावं, आम्ही हार घालू. काडी वडक्यांनी ओढावी. ते जाणकार आहेत."

अप्पा म्हणाले, "मी पाणी बघून पेटवीन हो. शालन असते बरोबर."

"अप्पा, एकदा झालं तेवढं पुरे," कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

तेव्हा अप्पांनी माझ्याकडं बघितलं. बाकी कुणी बघत नव्हतं. उभं राहून चार शब्द बोलायला मला तेवढा वेळ पुरला असता. मारुतरावांनी विचारलं, "मग वडके, चालेल ना?" मी म्हणालो, "चालेल."

त्या चतुर्दशीला काडी मी ओढली. अप्पा खुर्चीत हार घालून बसले. माइक मंडळाच्या एका पोरानं घेतला होता. अप्पा पुढं चार वर्षं आले. नंतर हार नको म्हणाले, मग खुर्ची नको म्हणाले, आणि तीन नंबरच्या बाकड्यावर प्रवाशासारखे बसायला लागले. शालन पहिला तांब्या त्यांच्याकडं न्यायची. पाचव्या वर्षी ते नव्हते.

आज आमच्या शहरात चौदा ठिकाणी पहिल्या अंघोळीचे बंब पेटतात. दवाखान्यात, स्टँडवर, साखर कारखान्याच्या ऊसतोड्यांच्या पालांवर. मंडपावर अप्पांचं नाव असतं. पण गावाच्या तोंडात त्यांचं नाव वेगळ्याच कारणानं आहे. कुणी काम उलटं केलं, लग्न ठरायच्या आधी मंडप सांगितला, की लोक म्हणतात, "झाला का अप्पाचा बंब? आधी जाळ, मग पाणी!" शाळेतली पोरं म्हणतात. अप्पा कोण हे त्यांना ठाऊकही नाही. दुकानात गिऱ्हाईक असं बोललं की शालन आत निघून जायची.

आणि दर चतुर्दशीला ती मला तेल लावायची, उटणं द्यायची, पाणी काढून द्यायची, ओवाळायची, आणि स्वतः गार पाण्यानं अंघोळ करायची. मला वाटलं, आईसाठी काही नेम धरलाय. विचारलं तर "असू दे" म्हणायची. मीही जास्त विचारलं नाही.

या वर्षी आषाढात ती अंथरुणाला खिळली. तिचं अंग मीच पुसून काढायचो. एकदा मी पाणी गरम करून आणलं तर म्हणाली, "गार आणा."

"अगं, थंडी वाजेल. कसला नेम आहे हा?"

"नेम कसला." तिला बोलायला धाप लागत होती. "तुम्ही म्हणाला होता, दिवाळी झाली की सांगतो. मी मनाशी धरलं, तुम्ही सांगितलंत की गरम पाणी घेईन. आधी फक्त दिवाळीचं धरलं होतं. पुढं रोजचंच झालं."

मी टॉवेल खाली ठेवला.

"मग एकदाही म्हणाली का नाहीस?"

"अप्पांनी मला घरी जायला सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "आणि सांगायचं तुम्ही होतं."

मी गार पाणी आणलं. श्रावण लागायच्या आत ती गेली.

दिवाळीच्या आधी मारुतरावांचा नातू निनाद घरी आला. आता मंडळ तोच बघतो. "काका, यंदा तुमच्याकडं सण नाही हे कळतं," तो म्हणाला, "पण काडीचा मान तुमचाच."

मी गेलो. मंडपात पाचशे तरी माणूस असेल. निनादनं माइकवर माझं नाव घेतलं आणि माझ्या हातात काड्यांची पेटी दिली. मी ती बंबावर ठेवली आणि माइक मागितला. मला भाषण येत नाही. मी एवढंच म्हणालो, "तेहतीस वर्षांपूर्वी या बंबात पाणी आधी घातलं होतं. माझ्या बायकोनं अठरा बादल्या घातल्या होत्या. अप्पांनी जाळ नंतर केला. झाळ मी कच्ची दिली होती. अप्पांची काही चूक नव्हती. मी खोटं बोललो."

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा मंडप वाजवायला लागला.

निनादनं माइक घेतला. त्याचे डोळे भरले होते. "बघा मंडळी," तो म्हणाला, "किती मोठं मन! अप्पांच्या नावाला बट्टा नको म्हणून काका आज त्यांची चूक स्वतःच्या अंगावर घेतायत."

"अरे, खरं सांगतोय मी."

"हो काका, हो," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला.

मी आळीतलं कुणी दिसतं का बघितलं. झाळ बघून पितळ की कथील सांगणारं आता कुणी उरलं नाही. दुकानं सगळी गेली. पाणी घातलेलं पाहिलेली दोन माणसं होती, तीही गेली.

काडी मी ओढली नाही. एका कंडक्टर बाईंनी ओढली. पेटेना, तर मागून कुणीतरी म्हणालं, "आधी पाणी घातलंय का बघा, नाहीतर व्हायचा अप्पाचा बंब!" आणि ज्यांनी आताच टाळ्या वाजवल्या होत्या, ते हसले.

मी फलाटाच्या मागं गेलो. सिमेंटची जुनी टाकी तिथंच आहे. शालननं जिथून बादल्या भरल्या होत्या ती. मी सदरा काढून कट्ट्यावर ठेवला आणि तोटीखाली बादली लावली.

निनाद धावत आला. "काका, अहो, तिकडं पाणी तापलंय! तुमच्यासाठी पहिला तांब्या काढून ठेवलाय."

"दवाखान्यातल्या बायकांना दे तो," मी म्हणालो. "मला गारच हवं."

तो घुटमळला आणि गेला. मी पहिला तांब्या डोक्यावर घेतला. श्वास अडकला. कार्तिक तोंडावर आला की पहाटेचं पाणी इतकं गार असतं, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. न्हाणीच्या दाराबाहेर मी ते फक्त ऐकलं होतं.

बादली संपली. मी ती परत तोटीखाली लावली.